गाडीचं अंतरंग

गाडी घेताना बाहेरच्या रंगावर घरात मतदान होतं. आजीला पांढरा हवा असतो, कारण तो शुभ. मुलाला लाल हवा असतो, कारण तो पळतो. आणि हप्ते भरणाऱ्याला जो रंग हवा असतो त्याला चार महिन्यांचं वेटिंग असतं. मग सगळे मुकाट्यानं चंदेरीवर येतात. आतल्या रंगाबद्दल मात्र कोणी कोणाला विचारत नाही. तो कंपनी ठरवते, आणि आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांसाठी कंपन्यांनी वर्षानुवर्षं ठरवलेला रंग म्हणजे बेज.

हा रंग मंजूर करणाऱ्या समितीनं मराठी कुटुंब प्रवासात खाताना पाहिलेलं नसावं. शोरूममधला टाय लावलेला मुलगा सांगतो, "सर, लाइट कलरमुळे आत कसं एअरी वाटतं." वाटतं, हे खरं आहे. फिका रंग उजेड परतवतो, त्यामुळे जागा आहे त्यापेक्षा मोठी भासते. पण त्या भासलेल्या जागेत पुढे आपण खरी माणसं बसवतो आणि त्यांच्या हातात खरी भेळ देतो.

आमच्या गाडीतला कुठला डाग कोणाचा, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. मागच्या सीटचं डावं हेडरेस्ट मावशींच्या खोबरेल तेलाचं. उजव्या दारावरचा जांभळट ओघळ कोकणातून परतताना वरंध घाटात झाकण उडालेल्या आगळाचा. मधल्या बैठकीवर मुलाच्या बालपणातलं ताम्हिणीचं एक वळण होतं, त्याचं वर्णन नको. छताला गुलाल होता. छतापर्यंत गुलाल पोचला कसा, असं विचारणाऱ्यानं अनंत चतुर्दशीला पुण्यात गाडी बाहेर काढून बघावी. पाहुणे दार उघडून आधी सीट न्याहाळत, मग खिशातला रुमाल पसरत, आणि मग "छान आहे हो गाडी" म्हणत बसत.

वडिलांच्या पिढीकडे यावर जालीम उपाय होता. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली. पुढे ज्या ज्या घरी ती गाडी पोचली, त्यातल्या निम्म्या घरांत सीटवरचं शोरूमचं प्लॅस्टिक काढायला सक्त मनाई होती. आमचं घर त्या निम्म्यातलं. उन्हाळ्यात मांडी प्लॅस्टिकला चिकटे आणि उतरताना आधी माणूस, मग मांडी, असा क्रम लागे. पण खालचं कापड कोरं राहिलं. गाडी विकताना गिऱ्हाईक म्हणालं, "सीटा नवीन केल्यात वाटतं?" वडील ताठ होऊन म्हणाले, "उघडल्याच नाहीत." इतकी वर्षं आपण कुठल्या रंगावर बसत होतो, हे त्यांनी स्वतः त्याच दिवशी पाहिलं.

आमचंही डागांसकट निभावलं असतं. पण मला मेव्हणा आहे. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत नेमकं काय करतो ते आम्हाला अजून उमगलेलं नाही. घरी आल्यावर मात्र तो मोबाइलवर, परदेशी लोकांनी उघडून ठेवलेल्या गाड्या बघत बसतो. एका रविवारी पोहे संपवून तो आमच्या गाडीत जाऊन बसला, चारी दिशांना मान फिरवली आणि म्हणाला, "दाजी, गाडी बाहेरून साहेबाची आहे. आतून दवाखान्याची आहे."

"मग काय करायचं?"

"काळं करून टाकू."

"कोणाचं?" मी दचकून विचारलं.

"आतलं सगळं. डॅशबोर्ड, दारं, खांब. वर नवीन कापड. एकदम स्पोर्टी."

आई आतून म्हणाली, "काळं कशाला? संक्रांत आहे का?" पण बायकोनं पोह्यांची ताटली उचलता उचलता निकाल दिला, "मळखाऊ तरी होईल." आमच्याकडे पडदे, सोफा, चादरी, मुलाचं दप्तर, सगळं याच निकषावर पास होतं. मळ जावा अशी आमची अपेक्षाच नसते. तो दिसू नये, एवढंच.

मेव्हण्यानं मला पुराव्यादाखल व्हिडिओ दाखवला. त्यात अमेरिकेतला एक माणूस अकरा मिनिटांत गाडीचं पोट साफ करून, घासून, काळं करून, कापड लावून, वर कॉफी पितो. त्या माणसाचं गॅरेज आमच्या टू-बीएचकेपेक्षा मोठं होतं. त्यात धूळ नव्हती, डास नव्हते आणि "काय चाललंय?" असं विचारणारं एकही माणूस नव्हतं. या तीन गोष्टींचा व्हिडिओत कुठे उल्लेख नसल्यामुळे त्या बिनमहत्त्वाच्या असाव्यात, असं आम्ही धरून चाललो.

मी पापभीरू. वाहतूक पोलीस दिसला की माझ्याकडे सगळी कागदपत्रं असतानाही मी घाम पुसतो. म्हणून आरटीओजवळच्या एका एजंटाला गाठलं.

"गाडीचा रंग बदलायचाय. चालतं का?"

"आरसीवर नोंद करावी लागते. अर्ज, फी, तपासणी."

"बाहेरचा नाही. आतला बदलायचाय."

त्यानं चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. "आतून कोण किती काळा आहे हे आरटीओ बघत नाही, साहेब."

मेव्हण्याला काचांनाही काळी फिल्म हवी होती. तिथं मात्र 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मवर बंदी घातली. नियमानं पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आत गेला पाहिजे. म्हणजे आपण आत जे काही काळं करू ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बाहेरून स्वच्छ दिसावं, अशी व्यवस्था कायद्यानंच केलेली होती.

नाना पेठेत गाडीचं काय मिळत नाही? तिथं उभ्या उभ्या माणूस एक आख्खी गाडी सुट्या भागांत विकत घेऊ शकतो. एका दुकानात शिरून मी म्हणालो, "प्लॅस्टिकला लावायचा काळा रंग द्या."

"कुठला काळा?"

"काळा काळा."

दुकानदारानं माझी दया येऊन एक पत्रिका काढली. मॅट काळा, सॅटिन काळा, पियानो काळा, चारकोल, ग्राफाइट. "पियानो घ्या. लक्झरी दिसतो. फक्त हात लावायचा नाही."

"गाडीत बसून?"

"बोटं उमटतात ना, साहेब."

मेव्हण्यानं मॅट निवडला, आणि या एका बाबतीत तो शंभर टक्के बरोबर होता, हे लिहून ठेवलं पाहिजे; पुन्हा संधी येणार नाही. इतक्या गाड्यांचा डॅशबोर्ड वरून गडद आणि बिनचकाकीचा असतो तो काही शोभेसाठी नाही. फिका किंवा चकचकीत डॅशबोर्ड उन्हात समोरच्या काचेत उमटतो आणि खऱ्या रस्त्यावर एक धूसर, दुसरा रस्ता तरंगू लागतो. खड्डे कुठल्या रस्त्यावरचे, हे पुण्यात आधीच ठरवणं कठीण. त्यात ही भर नको.

"आधी फक्त कप्प्याचं झाकण करून बघू," मेव्हणा म्हणाला. डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्याचं झाकण काढून सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलं. त्यानं ते धुतलं, पॉलिश पेपरनं हलकं घासलं, प्रायमर मारला आणि स्प्रेचा डबा खळखळ हलवून वीतभर अंतरावरून एक झुळूक सोडली. झुळुकीचा एक हिस्सा झाकणावर बसला. उरलेला वाऱ्यावर निघून कंपाउंडपाशी बाजेवर वाळत घातलेल्या पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या कुरडयांवर उतरला. संध्याकाळी त्या उचलायला आलेल्या सुनेनं विचारलं, "आई, यंदा नाचणीच्या केल्या का?"

दुसऱ्या दिवशी फलकावर सेक्रेटरींची सूचना लागली: "पार्किंगमध्ये रंगकाम, वाळवणे व तत्सम प्रकार करू नयेत." त्यात आजींच्या कुरडयाही बेकायदा ठरल्या. त्यामुळे काळं आम्ही केलं आणि आजी मात्र आमच्याइतक्याच सेक्रेटरींवर नाराज, असा थोडा दिलासा मिळाला.

पण झाकण! झाकण अप्रतिम झालं होतं. गर्द, मऊ, बिनडाग. आम्ही ते जागेवर बसवलं, दोन पावलं मागं सरून पाहिलं, आणि त्या क्षणी उरलेली आख्खी गाडी भिकार दिसू लागली. सकाळपर्यंत जो डॅशबोर्ड चालत होता, तो झाकणाशेजारी काविळीचा पेशंट दिसायला लागला. डॅशबोर्ड केला तर दारं टिकणार नव्हती. दारं केली तर खांब. खांब केले की छत. मेव्हणा एकेका गोष्टीकडे बोट दाखवत होता आणि मी मनातल्या मनात फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्या आठवत होतो. घरात नवा पंखा आला की भिंती रंगवाव्या लागतात, हे मला माहीत होतं. हा धडा गाडीलाही लागू आहे, हे माहीत नव्हतं.

काम रीतसर पेंटरकडे गेलं. पेंटरनं दारात उभं राहून डॅशबोर्डवर एक बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून बघितलं.

"पॉलिश मारता का रोज?"

"दर रविवारी," मी अभिमानानं म्हणालो. "पहिल्यापासून."

"तोच घोळ आहे."

डॅशबोर्ड चमकवणाऱ्या बऱ्याच पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. ते प्लॅस्टिकवर चिकटून बसतं आणि त्यावर नवा रंग ठरत नाही. बारीक बारीक गोल खड्डे सोडून तो बाजूला सरतो. पहिला हात मारल्यावर आमच्या डॅशबोर्डवर असे शेकडो डोळे उघडले आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. इतक्या रविवारांची सेवा अशी फळाला आली. शेजारी राहणाऱ्या, आयुष्यात कधी गाडी न पुसलेल्या गृहस्थांच्या गाडीला रंग कसा पहिल्या फटक्यात बसला असता, हेही पेंटरनं आपणहून सांगितलं.

मग घासणं, धुणं, पुन्हा घासणं. गाडीच्या आतलं प्लॅस्टिक एका जातीचं नसतं, हे ज्ञानही इथंच मिळालं. कुठे एबीएस, कुठे पॉलिप्रॉपिलीन. या दुसऱ्या जातीला रंगाचा मुळातच तिटकारा. त्याला आधी पीपी प्रायमर पाजावा लागतो, तेव्हा कुठे ते रंगाला जवळ करतं. हे सगळं सुरळीत पार पडलं आणि शेवटचा हात द्यायच्या दुपारी वळीव आला. हवेत दमटपणा असला की पातळ केलेला रंग वाळताना पाणी ओढतो आणि पांढुरका पडतो. आमचा मॅट काळा पाहता पाहता राखाडी झाला.

"हा कुठला रंग?" मी विचारलं.

"पाऊस लागला, साहेब."

"मग आता?"

"आवडला तर ठेवा. वेगळा शेड आहे. मुद्दाम मागितला तर मिळणार नाही."

पेंटरशी माझं या मुद्द्यावर जे बोलणं झालं ते छापण्याजोगं नाही. शेवटी ऊन पडायची वाट बघून त्यानं पुन्हा हात मारला. हात मारता मारता बटणांवरही मारला, त्याबद्दल पुढे येईलच.

कापडाच्या खरेदीला बायको आली. मी फक्त गाडी चालवत होतो. दुकानदारानं नमुन्यांची जाडजूड वही उघडली: रेक्झीन, आर्ट लेदर, जॅकार्ड, मखमल. तो मला दाखवत होता. तिनं वही स्वतःकडे ओढली. लक्ष्मी रोडवर पंचवीस वर्षं घासून तयार झालेला हात आहे तो. तिनं कापड चुरगळून सोडलं, उलटं करून पाहिलं, कोपऱ्यातला एक धागा ओढला आणि विचारलं, "रंग जातो का?"

"वहिनी, हे सीटचं कापड आहे. याला धुवायचं नाही."

"पावसात भिजलेली माणसं बसणार आहेत. माझी पांढरी सलवार आहे. रंग जातो का?"

दुकानदारानं ओला हातरुमाल घासून दाखवला. रंग गेला. त्यानं ती वही शांतपणे मिटून दुसरी काढली.

"मीटर किती लागेल? साडीच्या हिशेबात सांगा," ती म्हणाली.

"वहिनी, एका नऊवारीत नाही व्हायचं."

"घेर असतो का सीटला?"

"कटिंग असतं. आणि शिलाई वेगळी. पायपिन वेगळी."

"अस्तर?"

"अस्तराच्या जागी फोम."

"फोम आमच्या जुन्या गादीचा चालेल," ती म्हणाली, आणि दुकानदारानं माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की एका पुरुषानं दुसऱ्याला लग्नात इतकं कधी समजून घेतलं नसेल.

छताला काय लावायचं यावर मात्र मी प्रथमच तोंड उघडलं. मला लहानपणीची मुंबईची काळी-पिवळी आठवत होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ती पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या टॅक्सीतून कायमची निवृत्त झाली. बाहेरून सगळ्या सारख्या. आत शिरलं की कोणाच्या छताला फुलं, कोणाच्या वेली, कोणाच्या लाल-निळ्या चौकडी. 2015 च्या सुमाराला तर 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमात तरुण डिझायनरांनी मुंबईच्या टॅक्सी आपापल्या नक्षीच्या कापडानं आतून मढवल्या होत्या. त्या टॅक्सीवाल्यांना जे कळलं होतं ते मोठ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांना कळलेलं दिसत नाही: माहीमच्या सिग्नलला अडकलेल्या माणसाला बघायला काहीतरी पाहिजे. मी म्हणालो, "छताला फुलाफुलांचं घेऊ."

मेव्हण्यानं डोळे मिटून घेतले. बायको म्हणाली, "मग उशांनाही झालर लावू." छत काळं ठरलं.

कुशनवाल्यानं सीटा शिवायला घेण्यापूर्वी उपसून बाहेर काढल्या. त्यांच्याखालून आमच्या कुटुंबाचा जो इतिहास निघाला तो मी कोणालाच दाखवणार नव्हतो, पण तेव्हा सगळे हजर होते. चिंचोके, बडीशेपेची पाकिटं, एक पाय नसलेला डायनासोर, अर्धा पार्ले-जी जो अजून कुरकुरीत होता. 500 रुपयांची जुनी नोट निघाली. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी जाहीर झाली त्या रात्री आम्ही घरातले गहू-तांदळाचे सगळे डबे पालथे घातले होते, तेव्हा ही सीटखाली निवांत पडून होती. बायकोचं कुडं निघालं. ते हरवलं तेव्हा संशय ज्या नणंदेवर होता ती त्यावेळी गाडीजवळ उभी होती आणि आता तिला बोलायचं होतं.

पण कहर केला तो एका पाकिटानं. आमच्या चुलतभावाच्या नावाची, माझ्याच अक्षरातली, मुलाच्या मुंजीची पत्रिका. ती मी "हातानं देतो" म्हणून घेतली होती. "आम्हाला साधी पत्रिका नाही" म्हणून तो भाऊ तेव्हापासून आमच्याशी बोलत नाही आणि "पत्रिका दिली होती, शपथेवर सांगतो" म्हणून आम्ही त्याच्याशी. कुशनवाल्यानं पाकीट झटकून माझ्या हातात दिलं. "कामाचं आहे का?"

"नाही," मी म्हणालो. आणि ते खिशात घातलं.

गाडी परत आली तेव्हा तिच्याबरोबर कुशनवाल्यानं एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. तिच्यात स्क्रू, चिमटे, दोन रबरी बुचं आणि एक स्प्रिंग होती.

"हे काय?"

"उरलं."

"उरलं म्हणजे? हे सगळं गाडीतूनच निघालं ना?"

"कंपनी जास्तीचं लावते, साहेब."

कंपनी जास्तीचं लावत नाही, हे पहिल्याच गतिरोधकाला कळलं. उजव्या दारातून टिकटिक, डॅशबोर्डमधून खरखर, आणि वेग साठच्या वर गेला की मागून कोणीतरी पानाचा अडकित्ता चालवतंय असा आवाज. प्रत्येक प्रवासी एकेका आवाजाला हात लावून बसतो. पाच माणसं बसली की गाडी बऱ्यापैकी शांत चालते.

काही गोष्टी मात्र बेजच राहिल्या. पेंटरनं एअरबॅगच्या झाकणावर रंग मारायला साफ नकार दिला. तिथल्या शिवणीनं वेळेला फाटायलाच हवं, वर थर चढवायचा नाही. सीटबेल्टलाही तो हात लावेना. "पट्ट्याला केमिकल नको, साहेब. जीव त्याच्यावर असतो." दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या, त्यामुळे वादाला जागा नव्हती. परिणाम असा की गर्द काळ्या गाडीत गर्द काळ्या सीटवर बसून मी तो फिका पट्टा ओढला की उघड्या अंगावर जानवं घातल्यासारखं दिसतं. आईला तेवढाच भाग पसंत आहे.

आणि बटणं. पेंटरच्या हाताखाली एसीच्या गोल बटणांवरची निळी-लाल खूण गेली, पंख्याचे आकडे गेले, काचेवरचं धुकं घालवण्याचं चिन्ह गेलं. आता सगळी बटणं एकमेकांसारखी काळी आणि गप्प. मे महिन्यात भरदुपारी मी गार हवा मागितली आणि पायाशी गरम हवा सुटली. ती बंद करायला गेलो तर मागचा वायपर चालू झाला. मुलानं शेवटी खडूनं खुणा केल्या. त्या पुसल्या गेल्या. आता आम्ही आधी प्रवाशांना कल्पना देतो आणि मग बटण फिरवतो.

छताची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ते खाली यायलाही फार वेळ लागला नाही. छताचं कापड पातळ फोमवर बसवलेलं असतं, ते चिकट द्रवानं वर चिकटवतात. उन्हात तापलेल्या बंद गाडीत आधी चिकट द्रव हार मानतो. सासऱ्यांना स्टेशनवरून आणताना संगम पुलावर ते काळं छत मधोमध हळूच फुगलं आणि त्यांच्या टोपीवर टेकलं. सासरे जुन्या वळणाचे. जावयाच्या गाडीत तक्रार नको म्हणून ते घरापर्यंत एक हात वर धरून बसले. सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई त्यांना प्रतिनमस्कार करत होती.

"गाडी उन्हात ठेवली का?" कुशनवाल्यानं विचारलं.

"पुण्यात, मे महिन्यात, गाडी कुठे ठेवायची असते?"

"सावलीत ठेवायची," तो म्हणाला. शहरातली शिल्लक झाडं त्यानं मोजलेली नसावीत. तूर्तास छताला बायकोनं पदराच्या सेफ्टी पिना लावल्या आहेत. एका रांगेत, नीट मोजून. रात्री समोरच्या गाड्यांचा उजेड पडला की त्या चमकतात आणि मेव्हणा त्याला "स्टारलाइट इफेक्ट" म्हणतो. तसलं छत म्हणे काही कोटींच्या गाड्यांत असतं.

सीटांवर शेवटी जे काळं आर्ट लेदर चढलं, त्याचा गुण उन्हाळ्यात कळतो. काळा रंग ऊन पिऊन घेतो, आणि ते त्याला पचत नसल्यामुळे बसणाऱ्याला देतो. पहिल्याच दुपारी सासूबाई सीटवर बसल्या आणि ज्या चपळाईनं उठल्या, ती पाहून त्यांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची पुढची तारीख आम्ही रद्द करायच्या बेतात होतो. मग टॉवेल आले. साहेब लोकांच्या सरकारी अँबॅसेडरमध्ये सीटच्या पाठीवर पांढराशुभ्र टर्किश टॉवेल का असे, याचा उलगडा मला आयुष्यात प्रथमच झाला. मी त्याला इतकी वर्षं अधिकार समजत होतो. आता आमच्या काळ्या सीटांवर पाच टॉवेल आहेत. बायकोनं सेलमध्ये आणले. बेज रंगाचे. "मळखाऊ आहेत," ती म्हणाली.

राहता राहिली धूळ. पुण्यात जिथं मेट्रो आहे तिथं धूळ आहे, आणि जिथं मेट्रो नाही तिथं मेट्रोचं काम आहे. ही धूळ मुळात फिकी असते. बेज डॅशबोर्डवर ती बसत होती आणि दोघं एकमेकांत मिसळून जात होती. आम्हाला इतकी वर्षं पत्ताच नव्हता. काळ्या मॅटवर तिचा कण नि कण उठून दिसतो. सकाळी पुसलेल्या डॅशबोर्डवर दुपारी कोणीतरी बोटानं "पुसा" लिहून ठेवतं. अक्षर बायकोचं असतं. पॉलिश लावायची तर सोय राहिली नाही, पेंटरनं शपथ घातली आहे. मी खिशात दाढीचा ब्रश बाळगतो आणि लाल सिग्नल मिळाला की डॅशबोर्ड झाडतो. त्यामुळे हिरवा कधी झाला ते मागच्या गाड्या सांगतात.

खर्चाचे तीन आकडे आहेत. एक बायकोला सांगितलेला, एक मेव्हण्याला सांगितलेला आणि एक माझ्या पासबुकातला. तिघांची आपसात भेट होऊ नये एवढी खबरदारी मी घेतो.

परवा रात्री पार्किंगमध्ये कोणीतरी माझ्या गाडीच्या काचेला नाक लावून टॉर्चनं आत बघताना दिसलं. चोर समजून मी वॉचमनला हाक मारणार, तोच ते सोसायटीचे सेक्रेटरी निघाले. त्यांनी टॉर्च घाईनं बंद केला.

"नाही, सहज. सगळं आतून काळं केलंत म्हणे?"

"हो ना."

"उघडता का जरा?"

मी दार उघडलं. आत मुद्दाम दिवा लावला नाही. ते चालकाच्या सीटवर बसले, स्टीअरिंगवर हात ठेवला, आणि त्या अंधारात त्यांची छाती दोन इंच पुढे आलेली मला स्पष्ट दिसली. रात्रीच्या वेळी ना धूळ दिसत होती, ना पिना. टॉवेल मी आधीच बाजूला ओढले होते.

"ऐट आहे हो," ते म्हणाले. "आमची ती बेज. नातवानं परवा आमरस सांडला. कसं काय, त्रास वगैरे काही?"

"छे! त्रास कसला?"

"उन्हात तापत नाही ना?"

"सवय होते."

"आणि मळखाऊ?"

"विचारूच नका."

"खर्च?"

मी तिसऱ्या आकड्याला दोननं भागलं आणि सांगितलं. सेक्रेटरींनी मान डोलावली. पेंटरचा नंबर त्यांनी माझ्याकडून दोनदा तपासून घेतला, खिशात ठेवला आणि इकडे-तिकडे बघून आवाज खाली आणला.

"एकदम सगळं करायला भीती वाटते हो."

"एकदम कशाला करता?" मी म्हणालो. "आधी फक्त कप्प्याचं झाकण करून बघा."